ग्रासियास म्हणेपर्यंत

ताकुआरेम्बोच्या उत्तरेला टेकड्या दमतात
आणि नुसतं गवत उरतं, तिथे आमचं केंद्र:
दोन पत्र्याच्या शेड, एक फ्रीज, एक जनरेटर
आणि लादिस्लाओ.

तो मेंढ्या सांभाळतो. मी अक्षरं.
एकवीस अक्षरं, केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली,
मार्चमध्ये सुईच्या टोकावरून
एका फलित बीजांडात सोडलेली.

त्याला एकदा समजावलं होतं, कुंपणाला टेकून:
आत एक जनुक असतं,
त्याचं काम एवढंच, की मांस नीट भरलं
की म्हणायचं, पुरे.
आम्ही त्याला मारत नाही.
ते आपल्या जागी बसून बोलतच राहतं.
आम्ही फक्त त्याचा निरोप
वाटेत गाठून फाडतो.

"म्हणजे पोस्टमनला धरता," तो म्हणाला.
बराच वेळ गवताची काडी चावत राहिला. मग:
"माझ्या मांडीत सोडा की दोन थेंब.
घोडा मला वाहतो की मी घोड्याला,
पासष्टीनंतर कळेनासं झालंय."

ऑगस्टच्या एकोणिसाव्या रात्री
तांबड्या बिल्ल्याच्या मेंढीला कळा आल्या
आणि थांबल्या.
डॉक्टर इराओला सत्तर किलोमीटरवरून आल्या,
चिखलाच्या बुटांनी तशाच गुडघ्यावर बसल्या,
डाव्या कुशीत वीतभर चीर,
मग दोघांनी मिळून ओढून काढलं ते
ओलं, वाफाळतं कोकरू.
मागचे फरे असे, जणू
दुसऱ्या जनावराचे उसने आणून लावलेत.
सात किलो आठशे.
मी वहीत लिहिलं
आणि आकड्याखाली दोनदा रेघ ओढली.

टाके घातलेली आई त्याला हुंगत होती,
हे आपलंच का, याची खात्री करत.

पहाटे चारला कळलं, ते पीत नाही.
सड तोंडाशी, भूक पोटाशी,
मधे जीभ.
फुगून टाळ्याला भिडलेली,
सडाभोवती वळतच नव्हती.
अर्जात, आराखड्यात, तिन्ही अहवालांत
मी मांडी लिहिली होती, पाठ, खांदा.
जीभ हाही स्नायूच.
ठाऊक होतं मला. परीक्षेत लिहून
गुणही मिळवले होते.

लादिस्लाओने नळी उकळली, चीक काढला,
कोकराला आपल्या वाळक्या मांड्यांत धरलं
आणि नळी घशाखाली उतरवताना
काहीतरी पुटपुटत राहिला,
सीमेपलीकडच्या पोर्तुगीजमध्ये,
जी तो फक्त जनावरांशी बोलतो.

मग माते केला.
आमच्याकडची रीत अशी:
एकाने भोपळ्याचा पेला भरायचा,
दुसऱ्याने ओढून रिकामा परत द्यायचा,
पहिल्याने पुन्हा भरायचा, पुन्हा,
समोरचा ग्रासियास म्हणेपर्यंत.
आभाराचा अर्थ इथे एवढाच:
पुरे.

पहिला पेला कडू. दुसरा जरा कमी.
पाचव्याला पत्रा थंडीने कडकडला.
कोकरू दुधाने गप्प झालं होतं,
पण माझी करंगळी चाटू बघत होतं,
जमत नव्हतं, पुन्हा बघत होतं.
सोमवारी अहवाल जायचा होता.
आकडा चांगला होता, फार चांगला.

सातव्याला शब्द ओठांपर्यंत आला
आणि मी पेला नुसताच पुढे केला.
लादिस्लाओने किटली कानाशी हलवून पाहिली.
"आहे अजून," म्हणाला,
आणि भरला.